जुनी गाडी विकताना
मंडळी, जीप विकायची आहे, पण क्लच घसरतो, टायर गुळगुळीत झालेत. मग भाव काय सांगावा? आधी खामगाव-मलकापुरास तशाच चालू गाडीचा भाव काढा. समजा, १,२०,००० रुपये निघाला आणि मिस्त्रीने दुरुस्तीस २०,००० सांगितले, तर लाखाचे बोला. गिऱ्हाईक आणखी पाडणारच; न दिसणाऱ्या बिघाडाची त्याला धास्ती असते. म्हणून मिस्त्रीचा लेखी अंदाज दाखवा, दोष लपवू नका. सौदा झाला की १४ दिवसांत बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयास कळवा, नाव बदलले की नाही तेही पाहा. नाव तुमचेच राहिले नि अपघात झाला, तर भरपाई तुमच्याच गळ्यात पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तसा निकाल दिला आहे.