पुस्तकपेटीत रहस्यकथाही हवी

(कोथरूड येथे भरलेल्या महिला मेळाव्यात, वाचनालय चालवणाऱ्या एका ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा, ही विनंती.)



मला विषय दिलाय ‘पुस्तकांची आवड’. पण इथं आल्यावर कळलं की खरा विषय वेगळाच आहे. तुमच्या संघानं प्रत्येक ग्रामसंघाला एक पुस्तकपेटी द्यायचं ठरवलंय आणि पेटीत काय ठेवायचं यावरून वाद चाललाय. काही जणी म्हणतात, उपयोगाचीच पुस्तकं ठेवा. शेळीपालन, शिवणकाम, पोरांच्या परीक्षेची पुस्तकं. पैसा बचतीतून आलेला आहे. खुनाच्या आणि चोरीच्या गोष्टी वाचून कुणाचं पोट भरणार?

प्रश्न बरोबर आहे. पैसा कष्टाचा असेल तर हिशोब विचारायलाच हवा. म्हणून मी आज हिशोबच मांडते. मी इथं कोथरूडमध्ये बरीच वर्षं वाचनालय चालवते. कोण काय नेतं, काय अर्धवट टाकून परत आणतं, आणि काय रात्रीत संपवून सकाळी दारात उभं राहतं, हे मी रोज बघते.

आधी आपण कुठं बसलोय ते बघा. तुम्ही ज्या रस्त्यानं आलात त्याला कर्वे रस्ता म्हणतात. चौकात पुतळा आहे तो महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा. १८९६ मध्ये त्यांनी विधवा बायकांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो इथं जवळच, हिंगण्याला, एका झोपडीत आणला. हिंगणं म्हणजे आजचं कर्वेनगर. तेव्हा सगळा माळ होता. कर्वे तिथून फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला पायी जायचे आणि पायी परत यायचे. १९१६ मध्ये याच हिंगण्यात बायकांचं विद्यापीठ सुरू झालं. त्यात शिकवणं मातृभाषेतून ठेवलं होतं, म्हणजे इंग्रजी येत नाही म्हणून कुणी बाई दाराबाहेर राहायला नको.

त्या आश्रमात पार्वतीबाई आठवले होत्या. शिक्षण सुरू झालं ते विधवा झाल्यानंतर. पुढं आश्रमासाठी गावोगाव फिरून त्यांनी निधी गोळा केला. पंचेचाळिशी उलटल्यावर इंग्रजी शिकायला म्हणून त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं लोकांच्या घरी काम करून राहिल्या. परत येऊन त्यांनी ‘माझी कहाणी’ लिहिली. तेव्हा “आता या वयात काय वाचायचं” असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी जाताना त्या पुतळ्याकडे एकदा बघून जावं.

आता पहिला प्रकार, शिकायची पुस्तकं. यावर तुमचं भांडण नाही. पण एक गोष्ट बोलायला हवी. आपल्यातल्या कितीतरी जणी सातवी, दहावी झालेल्या आहेत. सही येते, पाटी वाचता येते. पण लग्न झालं, पोरं झाली, शेत आणि गोठा आला, आणि पंधरा-वीस वर्षं सलग एक पान वाचलं नाही. विळा वापरला नाही की गंजतो, तसं वाचन गंजतं. अक्षर ओळखू येतं, पण ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते. मग कागद आला की आपण तो पोराकडे देतो, नाहीतर सरांकडे देतो, “वाचून सांगा” म्हणतो. ते जेवढं सांगतील तेवढंच आपल्याला कळतं.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं उदाहरण घ्या. त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दीचे कागद यायचे, ते त्या आधी वाचायच्या आणि मग पुडी बांधायच्या. लपून-छपून लिहायच्या, कारण घरात ते खपलं नसतं. त्या लिखाणातून ‘जिणं आमुचं’ हे आत्मचरित्र झालं. आज ते इंग्रजीतही आहे आणि कॉलेजात शिकवतात. त्यांना कुणी पेटी दिली नव्हती. रद्दीच्या कागदावर त्यांनी सवय टिकवली.

दुसरा प्रकार धंद्याच्या पुस्तकांचा. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ घ्या. मराठी घरात इतकं पोचलेलं पुस्तक क्वचितच असेल. त्याचं मोठेपण कशात? मापात. “अंदाजानं घाला” असं न म्हणता वाटी आणि चमचा यांत माप दिलं. आपल्या पापड-लोणच्याच्या गटांचं नेमकं इथंच अडतं. एकदा तिखट जास्त, एकदा मीठ कमी, आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. माप कागदावर आलं की कुणीही केलं तरी चव तीच राहते, आणि एका पाकिटाला खर्च किती आला हेही काढता येतं.

धंद्याचं वाचन नेहमी पुस्तकातच असतं असंही नाही. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे, विष ते विषच. फवारणी करतो गडी, पण पंप धुते कोण? कपडे धुते कोण? आपणच. मग त्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचणं हे आपलं काम नाही का?

आता ज्यावरून भांडण आहे तो तिसरा प्रकार, रहस्यकथा.

बाबुराव अर्नाळकर यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड ही त्यांची माणसं. तुमच्या वडिलांनी नाहीतर आजोबांनी नक्की वाचली असतील, चुलीपुढं बसून, एकाकडून दुसऱ्याकडे फिरवत. आपल्या पुण्याचे सुहास शिरवळकर यांनी वकील अमर विश्वास उभा केला, फिरोज इराणी उभा केला. त्यांच्या ‘दुनियादारी’वर सिनेमा आला, तो तुमच्या पोरांनी बघितलाय. भा. रा. भागवत यांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. आणि विलायतेच्या अगाथा ख्रिस्ती यांची पुस्तकं मराठीत आलेली आहेत. या बाईंनी ६६ रहस्य-कादंबऱ्या लिहिल्या. पहिल्या महायुद्धात त्या दवाखान्यात औषधं देण्याचं काम करायच्या. कोणतं औषध किती दिलं की विष होतं, हे तिथं शिकल्या आणि तेच पुढं गोष्टींत वापरलं. म्हणजे धंद्याचं ज्ञान आणि रहस्य ही काही एकमेकींच्या सवती नाहीत.

मी वाचनालयात काय बघते ते सांगते. पंधरा वर्षांनी वाचायला लागलेल्या बाईला मी शेळीपालनाचं पुस्तक दिलं तर ती चार पानं वाचते आणि उशाला ठेवते. त्यात तिचा दोष नाही. दिवसभर राबून आलेल्या डोळ्यांना ते पेलत नाही. तिलाच मी रहस्यकथा दिली तर वाक्यं छोटी, बोलणं भरपूर, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी “आता पुढं काय?” ती भाकरी थापता थापता पुढच्या पानाचा विचार करते. तीन-चार अशी पुस्तकं झाली की गंज निघतो. मग तीच बाई आपणहून म्हणते, “ताई, ते शेळ्यांचं द्या बरं पुन्हा.” गाडी ढकलून चालू करावी लागते, तसं आहे हे. एकदा इंजिन लागलं की कुठंही न्या.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. रहस्यकथा आपल्याला शंका घ्यायला शिकवते. हा माणूस गोड बोलतोय, का बोलतोय? घड्याळात नऊ वाजले होते म्हणतो, मग दिवा का लागला नव्हता? जे सांगितलं ते आणि जे दिसतंय ते, यांचा मेळ बसतो का? आपल्याला लहानपणापासून शिकवलं की मोठ्यांनी सांगितलं ते ऐकावं. रहस्यकथेत ऐकून घेणारा फसतो आणि तपासणारा सुटतो.

याचा उपयोग कुठं होतो, ते ऐका. आमच्याकडे येणाऱ्या एक ताई आहेत, स्वयंपाकाची कामं करतात. रहस्यकथांचं त्यांना भारी वेड. त्यांनी एका कंपनीकडून चाळीस हजारांचं कर्ज मागितलं. सहीच्या दिवशी साहेब म्हणाले, “इथं, इथं आणि इथं सही करा.” ताईंनी चष्मा काढला आणि वाचायला बसल्या. मागं चार बायका थांबल्या होत्या, त्या कुरकुरायला लागल्या. ताई उठल्या नाहीत. कागदावर होतं, हातात मिळणार अडतीस हजार दोनशे. मग अठराशे गेले कुठं? सहाशे प्रक्रिया शुल्क, बाराशे विमा. ताई म्हणाल्या, “विमा मी मागितला कुठं?” साहेब म्हणाले, “सगळ्यांचाच असतो.” ताई म्हणाल्या, “मग मी हो म्हटल्याचा कागद दाखवा.” तसा कागद नव्हता. विमा निघाला आणि बाराशे वाचले. मागच्या चारही जणींनी आपापले कागद परत मागून घेतले.

हा त्यांचा हट्ट नव्हता, हक्क होता. रिझर्व्ह बँकेचे सूक्ष्म कर्जाचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेलं कर्ज त्यात येतं. अशा कर्जाचा करार आपल्याला कळेल अशा भाषेत हवा. व्याज, शुल्क, विमा, सगळं एका सोप्या माहितीपत्रकात लिहून द्यायला हवं. कर्जाचं कार्ड मिळायला हवं. विमा आपल्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. मुदतीआधी फेड केली तर दंड नाही. हप्ता चुकला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत.

पण मैत्रिणींनो, नियम कागदावर असतो आणि कागद वाचला तरच तो आपला असतो. ज्या बाईला दोनशे पानांतून चोर शोधायची सवय आहे, तिला दोन पानांतले बाराशे रुपये सापडतातच.

आता पेटीबद्दल माझी सूचना. तीस पुस्तकं घ्या. दहा शिकायची, दहा धंद्याची, दहा गोष्टींची, आणि त्या दहातली निम्मी रहस्याची. पेटी एकाच घरी कायमची ठेवू नका, तीन महिन्यांनी गट बदला. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम चालवलाय. शंभर पुस्तकांची पेटी एका ठिकाणी वाचून झाली की दुसऱ्या ठिकाणच्या पेटीशी बदलतात. तुमचे ग्रामसंघ आपसात असंच करू शकतात. पाच गावांनी वेगवेगळी पुस्तकं घेतली तर तीसच्या पैशात दीडशे वाचायला मिळतात.

नोंदवही कर्जाच्या वहीसारखीच ठेवा. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. उशिराला दंड एक रुपया. रहस्यकथेचा शेवट आधीच सांगणाऱ्या बाईला दंड दहा रुपये! बैठकीआधी पंधरा मिनिटं एकीनं मोठ्यानं वाचायचं, म्हणजे ज्यांना अजून अक्षर येत नाही त्या मावशीही गोष्टीत येतील. खुनी कोण हे त्या आपल्याआधी ओळखतात, हा माझा अनुभव आहे.

गावात सार्वजनिक ग्रंथालय असेल तर तिथंही जा. १९६७ च्या कायद्यानं मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. ती काही फक्त पुरुषांनी पेपर वाचत बसायची जागा नाही. तुमच्या गटाला कोणती पुस्तकं हवीत त्याची यादी लेखी द्या. आणि सहल काढायची असेल तर पाचगणीजवळच्या भिलारला काढा. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. लोकांच्या घरांत, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली आहेत. कुठंही बसा आणि वाचा, पैसे पडत नाहीत.

शेवटी एकच मागणं. पुस्तक घेऊन बसलेल्या बाईला घरातलं कुणीतरी विचारणारच, “काय फायदा त्याचा?” नवरा टीव्हीपुढं बसतो तेव्हा त्याला हे कुणी विचारत नाही. निदान आपल्या गटात तरी एकमेकींना हे विचारू नका. तिला वाचू द्या. आज ती चोर शोधेल आणि उद्या हिशोबातली चूक शोधेल.

पेटीवर मत द्यायचं असेल तेव्हा रहस्यकथेसाठी माझाही एक हात वर धरा.

जय सावित्री.