जे बोलत नाहीत, त्यांच्याविषयी लिहिताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला. माझा जन्म गेला रुग्णांची अंथरुणे बदलण्यात आणि औषधांच्या वेळा सांभाळण्यात. व्यासपीठाची सवय कोठून असणार? पण त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही अमेरिकेत परिचारिकांच्या वार्तापत्रात लेख लिहीत होता, त्याविषयीच सांगा की!" तेव्हा लेखिका म्हणून नव्हे, तर एक चूक कागदावर लिहिणे भाग पडलेली परिचारिका म्हणून मी आपल्यापुढे उभी आहे.

१९९४ साली मी न्यूयॉर्क राज्यात कामाला लागले. ज्यांची बुद्धीची किंवा शरीराची वाढ जन्मापासून अथवा बालपणापासून अडखळते, अशा प्रौढ माणसांची शुश्रूषा हे माझे काम. कोणाला डाउन सिंड्रोम, कोणाला सेरेब्रल पाल्सी, कोणी स्वमग्न. पूर्वी अशांना तेथे प्रचंड संस्थांत कोंडून ठेवीत. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड बेटावरील विलोब्रुक ही संस्था ४,००० जणांसाठी बांधलेली. पण १९६५ च्या सुमारास तेथे ६,००० माणसे होती. १९७२ साली दूरचित्रवाणीवर तेथील हाल लोकांनी पाहिले, खटला झाला, आणि १९८७ साली ती संस्था बंद झाली. तेथील माणसे हळूहळू लहान लहान घरांत राहावयास आली. अशा कित्येक घरांत परिचारिका दिवसरात्र नसते. एकेका परिचारिकेकडे अनेक घरे असतात, आणि रोजचे खाणेपिणे, आंघोळ, औषधे हे सारे तिच्या देखरेखीखाली मदतनीस पाहतात. ह्या कामातील परिचारिकांची राष्ट्रीय संघटना १९९२ साली निघाली. आमच्या भागातील परिचारिका स्वतःचे एक चारपानी वार्तापत्र काढीत. एकटीने काम करणाऱ्या बाईला दुसरीचा अनुभव कळावा, एवढाच त्याचा हेतू.

आता ती चूक सांगते. एका घरात पन्नाशीचे एक गृहस्थ होते. त्यांना बोलता येत नसे. एके दिवशी त्यांनी ताट लोटून दिले. दुसऱ्या दिवसापासून ते संध्याकाळी भिंतीवर डोके आपटू लागले. नोंदवहीत शेरा पडला, "वर्तन बिघडले आहे." मीही तेच डॉक्टरांना फोनवर कळविले, आणि माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी शांत करणारे औषध वाढविले. पाचव्या रात्री जमैकाहून आलेली एक मदतनीस मला म्हणाली, "सिस्टर, ह्यांचे शौचाचे पान पाहिले का? सात दिवस कोरे आहे." त्याच रात्री त्यांना इस्पितळात नेले. आतड्यात अडथळा झाला होता. शस्त्रक्रिया झाली आणि ते वाचले. पण वाचले ते त्या मदतनीस बाईमुळे. मी वाढवून घेतलेल्या औषधाने आतड्याची हालचाल अधिकच मंदावत होती, हे मला ठाऊक असावयास हवे होते.

भगिनींनो, आमच्या शास्त्रात चार शत्रू सांगतात: अन्न श्वासनलिकेत जाणे, अंगातील पाणी कमी होणे, बद्धकोष्ठ आणि फेफरे. चारही ओळखता येतात, बहुधा टाळताही येतात, पण ज्याला "माझे पोट दुखते" असे सांगता येत नाही, त्याचे दुखणे वागण्यातून बाहेर पडते, आणि आपण म्हणतो, "तो तसाच आहे." एकदा असे म्हटले की तपास संपला!

हे लिहावे असे मला वाटले. मी बारा पाने लिहिली. आरंभी फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मग सेवेचे माहात्म्य, मग करुणा. संपादिका एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी सगळी पाने परत पाठविली आणि वर तीन प्रश्न लिहिले: तुम्ही स्वतः काय पाहिले? कोणत्या दिवशी? वाचणाऱ्या परिचारिकेने उद्या सकाळी काय तपासावे? खाली आणखी एक खूण होती. मी लिहिले होते, "नोंदवही पाहिली गेली नाही." त्यांनी विचारले होते, "कोणाकडून?"

त्या एका शब्दाने माझी दोन रात्री झोप उडाली. वरिष्ठांनीही बजावले की स्वतःची चूक छापून आणणे नोकरीच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हे. अखेर मी लिहिले, "मी नोंदवही पाहिली नाही." बारा पानांची दोन झाली. पहिला दिवस, दुसरा दिवस, अशी हकीकत. मग कोणत्या औषधांनी बद्धकोष्ठ होते ते. आणि शेवटी एकच सूचना: वागणे बदलले की औषध वाढविण्यापूर्वी पोट, दात, कान आणि लघवी तपासा. औषधांची नावे मी पुस्तकातून दोनदा ताडून पाहिली, कारण छापलेल्या चुकीला पाय फुटतात.

मग प्रश्न आला परवानगीचा. ते गृहस्थ सही करू शकत नव्हते. त्यांची बहीण पालक होती. नाव, गाव, घर ओळखू येईल असे सारे मी काढून टाकले आणि लेख आधी तिला वाचावयास दिला. मी काय केले तेही त्यातूनच तिला संपूर्ण कळले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "ह्यात माझ्या भावाचे आतडे आहे, औषध आहे, माझा भाऊ कोठे आहे? त्याला रेडिओ कानाशी धरून ऐकायला आवडते, हे लिहा." मी ते पहिल्याच ओळीत लिहिले. त्या दिवसापासून मी ज्याच्याविषयी लिहीन तो आधी माणूस म्हणून कागदावर यावा आणि आजार मागाहून, हा नियम मी सोडला नाही.

लेख छापून आला. माझी नोकरी गेली नाही. एका अनोळखी परिचारिकेचे दोन ओळींचे पत्र आले की तिने त्याच दिवशी आपल्या सर्व घरांच्या नोंदवह्या काढून पाहिल्या. त्याहून मोठे बक्षीस मला पुढे कधी मिळाले नाही.

आपण म्हणाल, ह्याचा आम्हांला काय उपयोग? आपल्या ओळखीच्या एखाद्या घरी असे मूल असते. एखाद्या घरी अर्धांगाने वाचा गेलेल्या सासूबाई असतात. त्यांच्या उशाशी एक साधी वही ठेवा. किती खाल्ले, किती पाणी प्याले, शौचास झाली की नाही, झोप कशी, झटका आला का, एवढेच रोज लिहा. "हट्ट केला" असे लिहू नका; "दोन घासांनंतर तोंड मिटले" असे लिहा. हट्ट हा आपला निकाल आहे, मिटलेले तोंड ही हकीकत आहे. डॉक्टरांच्या उपयोगी पडते ती हकीकतच.

आणि अशा घरातील मातांना माझी एक विनंती आहे. पुढल्या वर्षीच्या स्मरणिकेसाठी आपला अनुभव लिहा. भाषा साधी असली तरी चालेल, शुद्धलेखन आम्ही पाहू. तुम्ही जे पाहिले ते दुसऱ्या कोणीच पाहिलेले नाही, आणि शेजारच्या गल्लीतील एखादी आई त्याची वाट पाहत असेल.