खाट सुटली की कार्ड संपतं

आज बोलू या आरोग्याच्या कार्डाविषयी, आणि त्या कार्डात जे बसत नाही त्याविषयी.

आमच्या बचत गटांच्या कर्ज रजिस्टरात ‘कर्जाचं कारण’ असा एक रकाना असतो. त्यात शेळी येते, शिलाई मशीन येतं, बियाणं येतं, लेकरांची फी येते. आणि वरचेवर येणारा शब्द म्हणजे ‘दवाखाना’. नवीन बाई विचारते, “कार्ड असताना दवाखान्याला कर्ज कशाला?” तिला आम्ही सांगतो, ऑपरेशनला कर्ज लागलं नाही. ते लागलं माणूस घरी आल्यावर.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 साली काही जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होतं. 2023 साली शासनानं निर्णय घेतला आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांचं संरक्षण, 1356 प्रकारचे उपचार आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लाभ असं तिचं रूप ठरलं. ही मोठी गोष्ट आहे. आपल्या गटांतल्या किती घरांची शेतं या योजनेमुळे गहाण पडायची वाचली, ते आपल्याला माहीत आहे. पण ही योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतही भरतीच्या आधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यावरचे 15 दिवस धरतात. आता सांगा, लकवा झालेल्या माणसाचा हात पंधरा दिवसांत भाकरी मोडायला लागतो का? महिनोन्‌महिने उदास होऊन कोपऱ्यात बसलेली बाई पंधरा दिवसांत चार जणींत बोलायला लागते का?

डॉक्टर सांगतात, “घरात बसवून ठेवू नका. हाताला काम द्या, चार माणसांत न्या, थेरपी चालू ठेवा.” सल्ला बरोबरच असतो. पण थेरपी कुठं आणि कुणाच्या पैशानं, हे चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

यातल्याच एका उपचाराचं नाव आहे रिक्रिएशनल थेरपी. खेळ, गाणं, चित्र, नाच, बागकाम यांच्या मदतीनं केलेला उपचार. नाव ऐकून हसू येतं. आमच्या एका बैठकीत एकीनं तोंडावर विचारलं, “म्हणजे आता करमणुकीलाही सरकारनं पैसे द्यायचे का?” प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट देऊ या.

संध्याकाळच्या भजनानं मन हलकं होतं. पंचमीची फुगडी, झिम्मा, जात्यावरची ओवी यांनी आपल्या आज्यांना किती आधार दिला, हे काय आम्ही सांगायला हवं? पण तो उपचार नव्हे. उपचार तेव्हा होतो, जेव्हा शिकलेला माणूस आधी रुग्णाला तपासतो आणि काय साधायचं ते लिहून ठेवतो. उजवा हात खांद्यापर्यंत उचलता यावा, असं ठरलं की त्यासाठी चेंडू झेलायचा, भिंतीवर रंग मारायचा. मुलानं आपली पाळी येईपर्यंत थांबावं, असं ठरलं की त्यासाठी सोंगट्यांचा खेळ. मनाच्या आजारातून उठलेल्या बाईनं अर्धा तास गटात बसावं, असं ठरलं की त्यासाठी ढोलकी आणि गाणं. किती वेळा बसायचं ते ठरतं, वहीत नोंद होते आणि काही आठवड्यांनी फरक पडला का ते पाहिलं जातं. अमेरिकेत वृद्धांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, मनोरुग्णांच्या दिवसभराच्या उपचारात अशा उपक्रमांना पैसे मिळतात. अट अशी की त्यांचा मुख्य हेतू नुसती करमणूक नसावा. आपलंही मागणं तेवढंच आहे.

हे खूळ बाहेरून आलंय असंही कुणी समजू नये. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग सुरू केला आणि 1950 साली त्याचं शिक्षणही तिथंच सुरू झालं. हाताला काम आणि मनाला गोडी देऊन माणूस उभा करायचा, ही त्या शास्त्राची मूळ कल्पना. पुण्यात 1986 साली सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. दारू सोडणाऱ्याला रिकामा वेळ भरायला काहीतरी लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्यांच्या घरात दारू आहे, त्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको.

कायदाही आपल्या बाजूला आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना सांगितलं की शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मनाचा आजारही दिव्यांगत्वात धरला आहे, आणि संस्कृती व मनोरंजनात भाग घेण्याचा हक्क लिहिला आहे. 2021 साली संसदेनं आरोग्य क्षेत्रातल्या इतर व्यावसायिकांसाठी कायदा केला. त्याच्या यादीत कला आणि नृत्य उपचार करणाऱ्यांबरोबर रिक्रिएशनल थेरपिस्टचंही नाव आहे. म्हणजे देशानं हा पेशा मानला. आता त्या पेशाची सेवा आपल्या कार्डात बसावी, एवढंच राहिलं आहे.

काही जणी म्हणतील, डायलिसिस, कॅन्सर यांनाच पैसा पुरत नाही, मग हे कशाला? आम्हालाही ते वाटतं. म्हणून आमचं मागणं मोजकं आहे. डॉक्टरांनी लिहून दिलं तरच सत्रं मिळावीत. सत्रांची संख्या ठरलेली असावी. घेणारा माणूस शिकलेला आणि नोंदणी झालेला असावा. नाहीतर कागदावर शिबिरं होतील आणि पैसे तिसऱ्याच्या खिशात जातील. सत्र गटात घेतलं तर एकाच थेरपिस्टचा वेळ आठ-दहा जणांना पुरतो. आणि घरी बसून पुन्हा आजारी पडलेला माणूस परत भरती होतो, तेव्हा तो खर्च याच योजनेतून जातो, हेही हिशेबात धरा.

आपल्या भागाची अडचण आणखी वेगळी. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं, चारही मराठवाड्याबाहेर. आपल्याला आधार घाटीचा. सोयगावहून शहरात येऊन परत जायचं तर अख्खा दिवस जातो. एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पण रोज बुडतो तो पूर्ण बुडतो. म्हणून सत्रं गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा ग्रामीण रुग्णालयात व्हावीत. नुसतं कार्डात नाव घालून भागणार नाही.

तोवर आज जे मिळतं ते तरी घेऊ या. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण, आणि त्यात भरती न होता घेतलेले उपचार व नियमित थेरपीसुद्धा धरतात. दिव्यांग प्रमाणपत्र हाताशी ठेवा आणि न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज करा. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. निरामयमध्ये थेरपी बसते, मग मोठ्या योजनेत का बसू नये? हा प्रश्न आपण विचारू शकतो.

पुढचं काम गटांनी वाटून घ्यायचं आहे. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हे आपल्याला माहीतच आहे. येत्या महिला सभेत ठराव मांडा: “घरी सोडल्यानंतर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या थेरपीचा, खेळ व कला उपचारांसह, महात्मा फुले योजनेत समावेश करावा.” तो ग्रामसभेत मंजूर करून घ्या. एक प्रत राज्य आरोग्य हमी सोसायटीला, एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, एक आमदारांना. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. ठरावासोबत आपल्या कर्ज रजिस्टरातून नावं झाकून एक तक्ता जोडा: दवाखान्यासाठी किती कर्जं गेली, आणि त्यातली घरी आल्यानंतरच्या उपचाराला किती. गटाच्या बाईनं वहीत लिहिलेला आकडा अधिकाऱ्यालाही वाचावाच लागतो.

योजनेची चौकशी 155388 या नंबरवर करता येते, आणि रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. घरात कुणाचं मन फार खचलं असेल तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर फोन करा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. ठराव झाला की आम्हाला कळवा, पुढच्या महिन्याच्या बैठकीत सगळे तक्ते एकत्र करायचे आहेत.