वरचा वायू, खालचा माणूस
(युवक मेळाव्यातील भाषण)



पर्यावरण म्हटलं की आपली पोरं जांभई देतात. त्यांचं चुकत नाय. हा शब्द आपल्याकडे येतो तोच एसी हॉलमधून, बाटलीतलं पाणी पीत. पृथ्वी तापतेय हे खरं आहे. ते खोटं म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाणी कुणाच्या घरात किती दिवस राहिलं ते आपापल्या आयांना विचारा. माझा सवाल क्रमाचा आहे. आधी काय, आणि कुणाचं?

एकच वायू घेऊ. मिथेन. कचरा कुजला, मैला सडला की तयार होतो. 2021 साली ग्लासगोच्या परिषदेत शंभरावर देशांनी वचन दिलं, 2030 पर्यंत मिथेन 2020 च्या मानाने 30 टक्क्यांनी कमी करू. भारत त्यात गेला नाही. आमचा मिथेन भाताचा नि गुरांचा, लहान शेतकऱ्याच्या पोटाचा, असं सरकारचं म्हणणं. अगदीच खोटं नाही ते. पण मग गटाराचा मिथेन कुणाच्या पोटाचा?

2022 साली शास्त्रज्ञांनी दिल्ली, मुंबई, लाहोर, ब्युनॉस आयरिस इथल्या कचराभूमींचा मिथेन उपग्रहातून मोजला. आकाशातून वायू दिसला. हाच वायू हायड्रोजन सल्फाइडच्या जोडीने चेंबरमध्ये कोंडलेला असतो, आणि तिथे कंत्राटदार माणूस उतरवतो. तो माणूस कुठल्या उपग्रहाला दिसत नाय. वरच्या वायूसाठी परिषद, खालच्या माणसासाठी पंचनामा!

कायदे आहेत की. 1993 चा आहे, 2013 चा आहे. 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना 10 लाख द्या. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच न्यायालयाने ते 30 लाख केले. मरणाचा दर वाढला, मरण थांबलं नाय. उतरणाऱ्याची जात मी सांगायला पाहिजे काय?

आता आपल्या मुंबईकडे या. महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा काढला. 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन. त्यात कचऱ्यावर, हवेवर, पुरावर लिहिलंय, हे मान्य. पण देवनारचं डंपिंग 1927 पासूनचं. ज्या वर्षी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच वर्षी ह्या शहराने घाण टाकायला ही जागा धरली. पुढे ठिकठिकाणच्या झोपड्या उठवून माणसंही त्याच उकिरड्याच्या कडेला आणून टाकली. जानेवारी 2016 मध्ये डंपिंग पेटलं. शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धूर उपग्रहाच्या फोटोत आला. आणि नंतर बंदी कुणावर? कचरा वेचणाऱ्यांवर! 2024 ला ह्याच कचराभूमीतली 124 एकर जागा राज्य सरकारने धारावीच्या पुनर्वसनासाठी दिली. डोंगर उपसून घरं बांधू म्हणतात. धारावीच्या माणसाला नवा पत्ता मिळतो तोही उकिरड्याचा.

एक सावधगिरी मात्र ठेवा. 2004 साली कोपनहेगनमध्ये डेन्मार्कच्या ब्योर्न लोम्बोर्गने अर्थतज्ज्ञ बसवून जगाच्या प्रश्नांची क्रमवारी लावली. एड्स पहिला, हवामान तळाला. ऐकायला गोड आहे, गरिबाचा रोग आधी. पण अशी यादी कोळसावाल्याच्या हाती लागली की गरीब त्याची ढाल होतो. चिमणी चालू राहते, नि गरिबाच्या नावाचा पैसा वस्तीत येतच नाय. असली वकिली आपल्याला नको.

आपण म्हणतो, जिथे मिथेन माणूस मारतो तिथून सुरुवात करा. चेंबरमध्ये माणूस नको, यंत्र घाला. ओला कचरा डंपिंगवर जाऊच देऊ नका. वेचणाऱ्या बायांना ओळखपत्र आणि पगार द्या. ह्यात आकाशाचंही भलंच होतं, आम्ही काय आकाशाचे दुश्मन नाय.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज तयार आहे. गेल्या पाच वर्षांत आपल्या वॉर्डात किती चेंबर साफ झाले, किती यंत्राने, किती माणसाने, आणि कंत्राटदार कोण, एवढंच विचारलंय. सोमवारी तो वॉर्ड ऑफिसात द्यायचाय. सोबत यायचं असेल त्यांनी दाराशी नाव लिहून जा.