कावेरीतला बिननावाचा महाशीर



तुमच्यापैकी जे बेंगळुरूत राहतात, ते कावेरीचं पाणी पितात. त्याच कावेरीत पाठीवर उंचवटा असलेला एक महाशीर आहे. तो पन्नास किलोंच्याही पुढे वाढतो. इंग्रजांच्या काळापासून शौकीन मंडळी त्याला गळाला लावत आली. तरी 2018 पर्यंत त्याचं शास्त्रीय नाव नक्की नव्हतं.

कारण महाशीर दिसण्यात फसवतात. वय आणि नदी बदलली की ओठ, रंग, अंगलट बदलते. अशा वेळी मी म्हणतो, पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला विचारा. त्याचा स्वतःचा छोटा डीएनए असतो: माशांत सुमारे साडेसोळा हजार अक्षरं, 37 जनुकं. तो आईकडूनच येतो. दोन माशांची अक्षरं शेजारी मांडायची आणि फरक मोजायचे. फरक जितके कमी, तितकं नातं जवळचं.

कावेरीतल्या माशाचं मायटोकॉन्ड्रियातलं जनुक आणि शरीराची ठेवण ताडून पाहिली, तेव्हा तो ‘टॉर रेमादेवी’ निघाला. या जातीचं वर्णन आधीच केरळातल्या पांबार नदीतून झालं होतं. पांबारचं पाणी अमरावतीमार्गे कावेरीलाच मिळतं. ओळख पटली आणि आययूसीएनच्या यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. नावच नसेल तर यादीत घालणार कुणाला?

आता आपल्या घरचा धागा. 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ‘टॉर खुद्री’ या महाशीराचं वर्णन केलं. पुढे लोणावळ्याजवळ वळवणला त्याचं बीज तयार होऊ लागलं. खुद्रीची पिल्लं कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगलाच होता. पण तिथे खुद्री वाढला आणि कावेरीचा मूळ मासा घटत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी यांचा मार होताच.

एक मर्यादाही सांगतो. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईचं घराणं सांगतो. दोन जातींचा संकर झाला असेल, तर बाप कोण हे त्यातून कळत नाही. त्यासाठी केंद्रकातला डीएनएही वाचावा लागतो.

म्हणून नदीत मत्स्यबीज सोडताना ‘महाशीर आहे ना’ एवढं पुरत नाही. कुठल्या नदीचा, कुठल्या आईचा, कुठल्या बापाचा, हे आधी विचारा. एका नदीचं लेकरू दुसऱ्या नदीत उपरं ठरू शकतं.