जत्रेतला आमचा स्टॉल
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई, लांबण लावीत नाही. यंदा जत्रेत मंडळाने कापडी पिशव्यांचा स्टॉल मांडला, तिथे मी तीन दिवस बसले. महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांना २०१८ सालीच बंदी झाली. पण जत्रेत हव्या तितक्या मिळतात! काही जणी रंगीत पिशवी पुढे करून म्हणत, "आमची कापडीच आहे की!" मी तिची कड कातरून काडी लावून दाखवी. सुताची राख होते. ही मात्र वितळून थेंब थेंब गळे. म्हणजे प्लॅस्टिकच!

समोरची भाजीवाली मावशी म्हणाली, "ताई, पिशवी नाही दिली तर गिऱ्हाईक शेजारणीकडे जातं. माझं पोट कोण भरणार?" तिचे खरेच होते. मग जुन्या पातळांच्या ४० पिशव्या तिच्यापाशी ठेवल्या. दहा रुपये अनामत, पिशवी आणली की पैसे परत. जत्रा उठेपर्यंत २३ आल्या. बाकीच्या कुणाच्या स्वयंपाकघरात लटकत असतील, असोत बापड्या!

मावशीने आता दर बाजाराला पिशव्या मागितल्या आहेत. तेव्हा जुनी सुती पातळे गुरुवारी मंडळात आणून द्या. नायलॉनची नकोत.