वारा आपल्या हाती नाही
(महोत्सवी सप्ताहात दिलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या वाढीविषयी इतर वक्ते बोलतीलच. मी मनाच्या समतोलाविषयी बोलणार आहे. कारण या घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या आपणां सर्वांचे कितीतरी तास अशा गोष्टींच्या स्वाधीन असतात, की ज्यांवर आपली तिळमात्र सत्ता चालत नाही. गायमुखाच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला, की शेकडो माणसांचा दिवस बिघडतो आणि तो राग सायंकाळी घरच्या निरपराध मुलांवर निघतो. (मिस्सेला उशीर होण्याचे कारणही हेच सांगण्यात येते, त्यावर मी विश्वास ठेवतो, दुसरा उपाय नाही.) परंतु ही झाली लहान संकटे. मार्च २०२० मध्ये देवळांची दारे बंद झाली, १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण घरात बसून पाळला, आणि कित्येकांना आपल्या माणसाच्या अंत्यविधीसही जाता आले नाही. त्या दिवसांचा सल अनेकांच्या मनात अद्याप आहे.

अशा वेळी मनाने कसे राहावे, हे पाहण्यासाठी आपणांस ठाण्याबाहेर जाण्याचे कारण नाही. इ. स. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस, पाद्वाचा जेम्स, सिएनाचा पीटर व तिफ्लिसचा देमेत्रियुस हे चार फ्रान्सिस्कन आणि जोर्दानुस नावाचा एक डोमिनिकन जहाजाने हिंदुस्थानास आले. त्यांना जावयाचे होते कोल्लमला. जहाज येऊन लागले ठाण्यास. येथे नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची थोडी घरे होती, त्यांपैकी एका घरी ते उतरले. जोर्दानुस भडोचकडे गेला. इकडे यजमानाचे बायकोशी भांडण झाले, त्याने तिला मारले, तिने काझीकडे दाद मागितली आणि साक्षीदार म्हणून घरी उतरलेल्या परदेशी संन्याशांचे नाव घेतले. असे ओदोरिक हा प्रवासी संन्यासी लिहितो. तो काही काळाने येथे आला होता. पुढे धर्मासंबंधी वाद झाला आणि एप्रिल महिन्यात ते चौघे रक्तसाक्षी झाले.

पाहा, बंधूंनो: एक जहाज आणि एका घरातले भांडण! चौघांच्या मृत्यूचे निमित्त एवढेच.

रक्तसाक्ष्यांचा गौरव ख्रिस्तसभा करतेच. पण आपल्या विषयाला मला मागे राहिलेला जोर्दानुस अधिक जवळचा वाटतो. मरणे एका घडीचे असते. त्याला जगावयाचे होते, तेही एकट्याने. त्याने एका तरुण जिनोवेकराच्या साह्याने सोबत्यांची शवे ठाण्याहून सोपाऱ्यास नेऊन पुरली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लिहिलेल्या पत्रात तो भडोचला सुमारे नव्वद आणि ठाणे-सोपारा यांच्या दरम्यान पस्तीस जणांस बाप्तिस्मा दिल्याचे कळवितो. हा मनुष्य पाषाणाचा होता काय? मुळीच नाही. पुढे ठाण्याहून लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो मोकळेपणी विलाप करतो: सोबत्यांपासून दूर झालो ती घडी वाईट, आपण एकटे पडलो आहोत, डोके, छाती, पोट, सर्वांगाला वेदना आहेत. तो रडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामास लागतो.

समतोलाविषयी आपल्यात एक चुकीची समजूत आहे, ती येथे सुटते. ज्याला दुःख होत नाही त्यास आपण स्थिर म्हणतो. विधवेला, देवाची इच्छा, आता रडू नकोस, असे सांगतो. ही सांत्वना नव्हे, कठोरपणा होय. जोर्दानुसाने आपले दुःख दडविले नाही. ज्यांना ते कळेल अशा धर्मबंधूंना लिहून कळविले. वारा, काझी, मृत्यू यांपैकी काहीच त्याच्या हाती नव्हते. शवांना मूठमाती देणे हाती होते, ते त्याने केले.

संत इग्नाशियस यांनीही आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात एक व्यवहारी नियम घालून दिला आहे: मन उदास व कोरडे असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. सेमिनरीत हा नियम मी पाठ केला, पण त्याची किंमत मला धर्मग्रामात कळली. नोकरी सुटल्याच्या आठवड्यात घर विकावयास निघणारा, भावाशी भांडण होताच कायमचा अबोला धरणारा, या दोघांनाही मी हेच सांगतो: तूर्त काही ठरवू नका, जेवा, झोपा, एखाद्या विश्वासू माणसाजवळ बोला.

इ. स. १३२९ मध्ये जोर्दानुसाची बिशप म्हणून नेमणूक झाली, आणि तीही कोल्लमला, जेथे ते जहाज जावयाचे होते. यास गोड शेवट म्हणू नये. त्याचे चार सोबती काही परत आले नाहीत.

पापनिवेदनापूर्वी दर शनिवारी सायंकाळी मी देवळामागच्या ओट्यावर बसतो. ज्यांचे रडणे २०२० पासून राहून गेले आहे, त्यांनी तेथे यावे. प्रार्थनाच करावयाची असे नाही. नुसते बसलात तरी चालेल.